रुंद पानांचा शंकुधारी

कोकणच्या किनाऱ्यावर कुठेही गेलात तरी सुरूचं बन भेटतं. सुयांसारखा बारीक पसारा, वाऱ्यावर सतत चाललेली सळसळ, खाली वाळूत पडलेली खरबरीत बोंडं. पुस्तकात पाइनचं चित्र पाहिलेला कुणीही म्हणेल की हे त्याच घराण्यातलं झाड असणार. पण सुरूचं घराणं वेगळं आहे. त्याला फुलं येतात, फळं धरतात. वंशावळीत तो आंबा, वड, बाभूळ यांच्या बाजूला बसतो. त्याची ‘सुई’ हे पान नसून हिरवी डहाळी आहे. एक सुई दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली की ती सांध्यावर निखळते. भिंगातून पाहिलं तर त्या सांध्याभोवती सात-आठ इवल्या दातांचं कडं दिसतं. ते दात ही सुरूची पानं. बोंड हाही खरा शंकू नव्हे. अनेक फळं एकत्र येऊन तो गठ्ठा झालेला असतो आणि त्याच्या एकेका चोचीतून पंख असलेलं एकेक फळ बाहेर पडतं.

आता सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला जाऊ. केरळ आणि तमिळनाडू यांच्या सीमेवर अगस्त्यमलईचे डोंगर आहेत. तिथल्या सदाहरित रानात, साधारण हजार मीटर उंचीच्या आसपास, एक सरळसोट वाढणारं झाड अधूनमधून दिसतं. पानं रुंद, जाडसर, गडद हिरवी आणि तुकतुकीत. आजूबाजूच्या जांभूळवर्गीय आणि दालचिनीच्या गोतावळ्यातल्या झाडांमध्ये ते इतकं मिसळून जातं की वाटाड्याने दाखवल्याशिवाय लक्षही जाऊ नये. या झाडाला तिकडे नरंबली किंवा निरंबली म्हणतात. शास्त्रीय नाव नागेया वॉलिचियाना. दिसायला फुलझाडांसारखं असलेलं हे झाड देवदार, चीड यांच्याच मोठ्या समूहातलं, म्हणजे शंकुधारी आहे. दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात माणसाने न लावता आपणहून वाढणारा शंकुधारी वृक्ष हा एवढाच.

सुरू आणि नरंबली ही जोडी मला वनस्पतींच्या वर्गीकरणाचा उत्तम पहिला धडा वाटते. झाडाचं नातं कुणाशी आहे हे पानाच्या आकारावरून ठरवायला गेलं की दोन्हीकडे फसगत होते. पान हे ऊन, पाऊस, सावली, वारा यांच्याशी रोज व्यवहार करणारं अंग आहे. परिस्थितीप्रमाणे ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातं. बी कसं घडतं, ते कशात बंद असतं, पराग त्याच्यापर्यंत कसा पोचतो, या गोष्टी मात्र सहजी बदलत नाहीत. म्हणून नातं शोधायचं असेल तर तिथे पाहावं लागतं.

फुलझाडांत बीजकं बीजकोशाच्या आत बंद असतात. त्या बीजकोशाचं पुढे फळ होतं. म्हणून ती आवृतबीजी. शंकुधारी वनस्पती अनावृतबीजी. त्यांना बीजकोशच नसतो. बीजक एखाद्या खवल्यावर उघडं असतं आणि असे खवले अक्षाभोवती रचले गेले की शंकू तयार होतो. पाइनचा लाकडासारखा टणक शंकू आपल्या नजरेत बसलेला असतो, पण शंकू नेहमी तसाच असतो असं नाही. नरंबलीच्या पोडोकार्पेसी या कुलात तर त्याचं रूप ओळखू येणार नाही इतकं बदललं आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ. आपल्याकडे अनावृतबीजी म्हटलं की रोपवाटिकेतली मोरपंखी किंवा बंगल्यासमोरचं ‘ख्रिसमस ट्री’ आठवतं. दोन्ही परदेशी. महाराष्ट्राच्या स्वतःच्या रानात उंबळीसारखी अनावृतबीजी वेल आहे, पण ती शंकुधारी नव्हे. तिचा गट वेगळा.

आधी पान. नरंबलीचं एक पान घेऊन उजेडासमोर धरावं. आंब्याच्या पानात मधोमध एक ठळक शीर दिसते, तिच्यातून दोन्ही बाजूंना उपशिरा फुटतात आणि त्यांच्यामध्ये बारीक जाळं विणलेलं असतं. नरंबलीच्या पानात मधली शीरच नाही. देठाकडून कितीतरी सारख्याच जाडीच्या शिरा निघतात, बुडाशी दुभंगतात आणि मग एकमेकींना न भेटता जवळजवळ समांतर धावत टोकाशी पुन्हा जवळ येतात. जाळं नाही, आडव्या जोडण्या नाहीत. बांबूच्या पानातही शिरा समांतर असतात, पण बांबूला मधली शीर असते आणि त्याचं पान खोडाला म्यानासारखं वेढून येतं. इथे आखूड देठ आहे आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढची दक्षिण-उत्तर. असं असूनही बाजूच्या फांद्यांवर सगळी पानं एका पातळीत पसरलेली दिसतात, कारण प्रत्येक देठ थोडा पीळ घेऊन आपलं पान उजेडाकडे वळवतो. रानाच्या तळाशी गर्द सावलीत वाढणाऱ्या रोपाची पानं तर मोठ्या झाडाच्या शेंड्यावरल्या पानांपेक्षा बरीच मोठी, कधी वीतभर लांब असतात. जिथे उजेड कमी तिथे पसारा जास्त.

हा पसारा शंकुधारी झाडाला फार महागात पडतो आणि त्यामागे लाकडाचं कारण आहे. बहुतेक फुलझाडांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात. पेशी एकावर एक रचल्या जातात, त्यांच्या मधल्या भिंती विरतात आणि लांब, मोकळी नळी तयार होते. शंकुधारी झाडांत अशी नळी नाही. तिथे ट्रॅकीड नावाच्या काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद असलेल्या पेशी असतात आणि पाणी एका पेशीतून दुसरीत बाजूच्या सूक्ष्म खळग्यांतून झिरपत चढतं. ही व्यवस्था भरवशाची आहे, पण संथ. पाणी संथ चढलं की पानाला अन्नही संथ गतीनेच बनवता येतं. अरुंद सुईला एवढं पाणी पुरतं. रुंद पानाच्या कडेपर्यंत ते पोचवायचं असेल तर पानातच शिरांचं काही वेगळं नियोजन लागतं. नरंबलीने अनेक शिरांचा मार्ग घेतला. तिच्याच कुलातल्या पोडोकार्पस या प्रजातीने एकच मधली शीर ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाणी पसरवणाऱ्या खास पेशींचा थर तयार केला. एकाच अडचणीतून एकाच घरातल्या दोघांनी दोन वाटा काढल्या.

विषुववृत्ताजवळच्या पावसाळी रानांत शंकुधारी झाडं इतकी कमी का, या प्रश्नाचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बाँड यांनी १९८९ मध्ये ससा-कासवाच्या गोष्टीचा आधार घेऊन मांडलं. त्यांचं म्हणणं असं की शंकुधारी झाडं मोठेपणी फुलझाडांच्या तोडीस तोड असतात. मागे पडतात ती रोपटेपणी. सुरुवातीची पानं थोडी, पाण्याचा वेग कमी, म्हणून वाढ मंद. रानात एखादं झाड कोसळून उजेडाची खिडकी उघडते, तेव्हा फुलझाडांची रोपं काही महिन्यांत ती जागा बळकावतात. त्यामुळे शंकुधारी झाडं थंडी, नापीक जमीन, उंच कडे अशा जागी उरली, जिथे सशाचे पाय फार चालत नाहीत. पोडोकार्पेसी कुलाने मात्र आणखी एक मार्ग शोधला. सुई सोडून रुंद पान धरायचं आणि सावलीत धीराने तग धरून राहायचं. नरंबली हे त्या धीराचं उदाहरण आहे.

मुळांपाशीही एक गंमत आहे. पोडोकार्पेसी कुलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर मण्यांसारख्या गोल गाठींच्या रांगा असतात. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन पकडतात हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून पूर्वी अनेकांना वाटलं की याही तशाच असणार. पण त्यांच्यात राहते ती बुरशी. तिचे धागे जमिनीतला फॉस्फरस गोळा करून झाडाला देतात. आणि हवेतल्या नायट्रोजनचा व्यवहार करणाऱ्या गाठी आहेत कुणाच्या मुळांवर? सुरूच्या. तिथे फ्रँकिया नावाचे जीवाणू हे काम करतात, म्हणून सुरू कोरड्या वाळूतही जोमाने वाढतो. वरून दिसणाऱ्या साम्याचा जमिनीखालीही काही उपयोग होत नाही.

आता शंकूकडे येऊ. नरंबलीची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. नर झाडावर पानांच्या बगलेत एका देठावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीच्या परागशंकूंचा झुबका येतो. मादी शंकू पाहिला तर शंकू हा शब्दच खोटा वाटावा. आखूड देठाच्या टोकाला काही खवले असतात. ते एकमेकांत मिसळून फुगतात आणि त्यांचा मांसल, गरदार तळ तयार होतो. त्या तळाच्या डोक्यावर बहुधा एकच बीजक धरतं, आणि तेही उलटं, तोंड खाली देठाकडे. पाइनमध्ये जो खवला लाकडासारखा टणक होतो, तोच इथे मऊ होऊन बीजकाभोवती गुंडाळला जातो. या आवरणाला एपिमॅटियम म्हणतात आणि तो या कुलाचा खास ठसा आहे. पिकल्यावर दीड-दोन सेंटिमीटर व्यासाची, निळसर-जांभळी झाक असलेली गोल गोटी गरदार तळावर बसलेली दिसते. रंग, गर आणि आतलं कठीण कवच पाहून हे फळच वाटतं. पण बीजकोशच नसल्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते फळ ठरत नाही. झाडाचा हेतू मात्र फळासारखाच आहे: कुणीतरी गरासाठी यावं आणि बी लांब नेऊन टाकावं. फुलझाडांनी फळ घडवून जे साधलं, तेच नरंबलीने खवल्यांना वेगळं वळण देऊन साधलं.

परागीकरणाची रीत तर मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग वाटते. पराग वाऱ्यावर येतो. उलट्या बीजकाच्या खाली असलेल्या तोंडातून एक चिकट थेंब बाहेर येतो आणि आसपासच्या पृष्ठभागावर पसरतो. तिथे आधी येऊन पडलेले परागकण या थेंबात ओढले जातात. प्रत्येक परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उतरलेलं पोर जसं बुडत नाही, वरच येतं, तसा हा कण थेंबातून वर तरंगत जातो. बीजक उलटं असल्याने वर म्हणजे थेट बीजकाच्या आत. मग झाड तो थेंब पुन्हा शोषून घेतं आणि पराग नेमका पोचायच्या ठिकाणी पोचतो. धूळ, बुरशीचे बीजाणू, पिशव्या नसलेले परके पराग बहुतांशी मागे राहतात. पूर्वी शिकवत असत की या पिशव्या हवेत उडण्यासाठी आहेत. आता त्यांचं मुख्य काम पाण्यात तरंगणं हेच मानलं जातं, आणि बीजक उलटं का, याचंही उत्तर त्यातच मिळतं.

वर्गीकरणाची कथा नागासाकीच्या बंदरात सुरू होते. लिनियसचा शिष्य कार्ल पीटर थुनबर्ग डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून १७७५-७६ मध्ये जपानात होता. तिथल्या शिंतो देवळांच्या आवारात नागी नावाचं झाड पवित्र मानून लावलं जातं. नारा इथल्या कासुगा देवस्थानाजवळची नागीची राई प्रसिद्ध आहे. हे झाड म्हणजे आपल्या नरंबलीची सख्खी जपानी बहीण. थुनबर्गने ते पाहिलं, रुंद पानं पाहिली, आणि १७८४ च्या ‘फ्लोरा जापोनिका’त त्याला मायरिका या फुलझाडांच्या प्रजातीत टाकून मायरिका नागी असं नाव दिलं. लिनियसच्या हाताखाली शिकलेल्या माणसालाही पानाने चकवलं.

या चकव्याचा माग आपल्या घरापर्यंत आला आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी कायफळाची साल हिमालयातल्या मायरिकाच्या झाडाची. हे झाड आणि जपानी नागी वेगवेगळी, पण एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांनी हिमालयातल्या झाडालाही मायरिका नागी हेच नाव लावलं आणि आयुर्वेदावरच्या कितीतरी पुस्तकांत ते आजही कायफळासमोर छापलेलं दिसतं. म्हणजे नाव शंकुधारी झाडाचं आणि साल फुलझाडाची. कायफळाचं बरोबर नाव मायरिका एस्क्युलेंटा. औषधी वनस्पतींच्या याद्या छापणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती तरी करायला हवी, कारण नाव चुकलं की पुढचा संशोधक चुकीच्या झाडाचे गुणधर्म वाचत बसतो.

जर्मन शास्त्रज्ञ योसेफ गेर्टनर झाडांपेक्षा बियांचा आणि फळांचा अभ्यास करणारा. त्याने १७८८ मध्ये नागीचं बी पाहून ओळखलं की हे प्रकरण वेगळं आहे, आणि नागेया अशी नवी प्रजाती मांडली. पानावरून चूक झाली होती, बियांवरून ती सुधारली. पुढे १८०७ मध्ये पोडोकार्पस हे नाव आलं आणि गरदार तळाच्या जवळजवळ सगळ्या जाती त्यात जमा होऊ लागल्या. नागेया मागे पडलं.

भारतीय झाडाची नोंद नथॅनियल वॉलिचच्या हातून झाली. हा मूळचा कोपनहेगनचा डॅनिश शल्यवैद्य. तो श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत आला आणि पुढे कितीतरी वर्षं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. ‘प्लँटी एशियाटिकी रारिओरेस’ हा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १८३० ते १८३२ या काळात निघाला. त्यातली चित्रं काढणाऱ्यांत विष्णुप्रसाद आणि गोराचंद हे भारतीय चित्रकार प्रमुख होते. आजही त्या चित्रांवरून जाती ओळखता येतात इतकी ती नेमकी आहेत. ईशान्येकडच्या डोंगरांतून आलेल्या या झाडाला वॉलिचने पोडोकार्पस लॅटिफोलियस, म्हणजे रुंद पानांचा, असं नाव दिलं. ते शोभणारं होतं, पण दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाला ते आधीच दिलं गेलं होतं. एक नाव दोन झाडांना चालत नाही. म्हणून १८४० च्या दशकात प्रागच्या कारेल प्रेस्लने भारतीय झाडाला वॉलिचच्या सन्मानार्थ नवं नाव दिलं. तरीही हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त आणि त्यानंतरच्या मद्रास प्रांताच्या ग्रंथांत जुनं लॅटिफोलियसच चालू राहिलं. जुन्या वनखात्याच्या याद्या चाळताना हे लक्षात ठेवावं लागतं. नाही तर दोन वेगळी झाडं आहेत असा समज होतो.

१८९१ मध्ये ऑटो कुंट्झे या जर्मन गृहस्थाने मोठी खळबळ उडवली. आधी दिलेलं नाव तेच खरं, या नियमावर बोट ठेवून त्याने हजारो वनस्पतींची नावं बदलली. नागेया हे नाव पोडोकार्पसच्या आधीचं, म्हणून त्याने पोडोकार्पसच्या जाती नागेयात हलवल्या. लोक वैतागले. रुळलेलं पोडोकार्पस नाव वाचवण्यासाठी त्याला नियमांत खास संरक्षण द्यावं लागलं. पण आज आपण नागेया वॉलिचियाना लिहितो तेव्हा त्यापुढे कुंट्झेचं नाव येतं ते त्याच घाऊक फेरबदलामुळे.

विसाव्या शतकात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डी लॉबेनफेल्स यांनी हे कुल पुन्हा तपासलं. १९६९ मध्ये त्यांनी समोरासमोरच्या पानांचे तीन गट पोडोकार्पसमधून बाहेर काढून डेक्युसोकार्पस ही नवी प्रजाती केली. त्यात गेर्टनरचं मूळ झाडही होतं. जुन्या प्रजातीचं मूळ झाड आत घेतलं की नवं नाव देता येत नाही, जुनंच वापरावं लागतं. म्हणून डेक्युसोकार्पस नियमबाह्य ठरलं. १९८७ मध्ये त्यांनी स्वतःच नागेया हे नाव पुन्हा उभं केलं. उरलेले दोन गट, एक आफ्रिकेतला आणि एक दक्षिण अमेरिका व पॅसिफिक बेटांतला, ख्रिस्तोफर पेज यांनी आफ्रोकार्पस आणि रेट्रोफायलम या स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडले. १९९२ मध्ये चीनमधून नागेयासाठी वेगळं कुलच करावं असा प्रस्ताव आला. आधार होता अनेक शिरांच्या त्या पानाचा.

डीएनएच्या अभ्यासाने यावर पडदा टाकला. नागेया पोडोकार्पेसी कुलाच्या अगदी आतल्या फांदीवर बसते. तिचे जवळचे नातेवाईक आफ्रोकार्पस, रेट्रोफायलम आणि मग पोडोकार्पस. म्हणजे वेगळ्या कुलाची गरज नव्हती, आणि डी लॉबेनफेल्स यांचं नाव चुकलं असलं तरी त्यांना जाणवलेलं नातं खरं होतं. माझ्या मते या दोनशे वर्षांच्या गोष्टीत त्यांना जितकं श्रेय मिळायला हवं तितकं मिळत नाही. आज नागेयात साधारण पाच जाती मानतात, कुलात १८० च्या आसपास, आणि जगातल्या सगळ्या शंकुधारी जाती सहाशेहून थोड्या अधिक. फुलझाडांच्या तीन लाखांपुढे हा आकडा लहान आहे. म्हणूनच त्यातल्या एकेकीची ओळख नीट असायला हवी.

पोडोकार्पेसी हे मुख्यतः दक्षिण गोलार्धाचं कुल. पाइन, देवदार, फर यांचं कुल उत्तर गोलार्धाचं. भारतात दोन्हींची हद्द येऊन भिडते. हिमालयात देवदार आणि चीड. ईशान्य भारतात पाइनही आहेत आणि नरंबलीही. तिथून नरंबली म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपीन्स करत न्यू गिनीपर्यंत गेली आहे. एवढा मोठा पसारा नागेयातल्या दुसऱ्या कुठल्या जातीचा नाही. आणि मग ईशान्येपासून दोनेक हजार किलोमीटर तुटून, अगस्त्यमलई, पेरियार अशा दक्षिण सह्याद्रीच्या डोंगरांत तिची एक वेगळी वस्ती. मध्ये काहीच नाही. समोरच्या श्रीलंकेतही एकही देशी शंकुधारी झाड नाही.

ही फारकत कशी झाली, याची दोन उत्तरं दिली जातात. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी डोंगरी ओढ्यांतल्या माशांवरून ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला होता. हवामान अधिक ओलं असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून पूर्वेकडचे जीव सह्याद्रीत आले, पुढे मधला पट्टा कोरडा झाला आणि दुवा तुटला, असा तो. नरंबलीलाही हे लागू पडू शकतं. दुसरं उत्तर असं की ही झाडं दक्षिणेत फार जुनी आहेत. पुद्दुचेरीजवळच्या तिरुवक्करै इथे दगड झालेले प्रचंड ओंडके जमिनीवर पडलेले आहेत. त्यांतलं काही लाकूड पोडोकार्पेसीच्या लाकडाशी जुळतं. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी त्याचा अभ्यास केला होता. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी तमिळ प्रदेशात या कुलाची झाडं होती, एवढं पक्कं. आजची नरंबली त्यांचीच वारस की नंतर पूर्वेकडून आलेली पाहुणी, हे सांगण्यासाठी दोन्हीकडच्या झाडांचा डीएनए शेजारी ठेवून पाहावा लागेल.

जीवाश्मांचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्राचं एक पान इथे उघडायलाच हवं. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरला होते. त्यांनी शहराजवळच्या टाकळी इथल्या गाळाच्या खडकांतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये त्या परिसराच्या भूशास्त्रावर लंडनच्या नियतकालिकात लिहिलं. त्या संग्रहात दगड झालेले शंकू होते. पुढे १९३१ मध्ये सहानींनी ते बारकाईने तपासले आणि एकाचं नाव गावावरून टाकलीऑस्ट्रोबस ठेवलं. हे खडक दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेले, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आज महाराष्ट्रात आपणहून उगवणारा एकही शंकुधारी वृक्ष नाही. पण लाव्हा शांत झाल्यावर मधल्या काळात जी तळी साचली, त्यांच्या काठाने विदर्भात तो होता. नागपूरच्या शाळांतल्या मुलांना हे सांगितलं जायला हवं.

नरंबली आपल्याकडच्या सह्याद्रीत का येत नाही? पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. आंबोलीत आणि महाबळेश्वरला पाऊस अगस्त्यमलईपेक्षा कमी नाही. फरक आहे तो कोरड्या महिन्यांचा. अगस्त्यमलईला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि ईशान्य मोसमीही. कोरडे महिने जेमतेम दोन-तीन. तिथून जसजसं उत्तरेला यावं तसतसा कोरडा काळ वाढत जातो आणि आपल्याकडे तो सहा महिन्यांच्या पुढे जातो. सह्याद्रीतल्या सदाहरित रानांची रचना या कोरड्या काळावर कशी ठरते, हे फ्रेंच संशोधक जाँ-पिएर पास्कल यांनी १९८० च्या दशकात सविस्तर दाखवलं आहे. रुंद पानाच्या पोडोकार्पेसीला लांबलेला कोरडा काळ सोसत नाही. सावलीशी जुळवून घेण्यासाठी मोजलेली ही किंमत.

जगाच्या हिशेबात ही जात धोक्यात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने तिला ‘किमान चिंता’ या वर्गात ठेवलं आहे, कारण पूर्वेकडे तिचा पसारा मोठा आहे. दक्षिण सह्याद्रीतली वस्ती मात्र विरळ आणि तुकड्यातुकड्यांत आहे. ज्या उंचीवर ती वाढते त्याच उंचीवर चहा आणि वेलदोड्याचे मळे झाले. आता उरलेली बरीचशी झाडं पेरियार आणि कळक्काड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्पांत, अगस्त्यमलई जीवावरण राखीव क्षेत्रात आहेत, म्हणजे कुऱ्हाडीपासून सुरक्षित. पण नर आणि मादी झाडं वेगळी असल्याने नुसती झाडं मोजून चालत नाही. एखाद्या खोऱ्यात चार मोठी मादी झाडं असतील आणि वाऱ्याच्या टप्प्यात नर एकही नसेल, तर ती वस्ती उभी दिसत असूनही तिथे पुढची पिढी येणार नाही. त्यामुळे नर किती, मादी किती आणि खाली रोपं किती, या तीन आकड्यांशिवाय तिच्या तब्येतीबद्दल काही सांगता येत नाही.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्राच्या सहली दरवर्षी केरळात जातात. अनावृतबीजी वनस्पती शिकवताना आपण अजूनही पाइनचे सुकलेले शंकू आणि बागेतल्या परदेशी झाडांच्या फांद्या वापरतो. सहल पेरियारच्या बाजूने जात असेल तर शिक्षकांनी वनखात्याशी आधी बोलून एक सकाळ नरंबलीसाठी ठेवावी. फांदी तोडू नये. खाली पडलेलं एक पान उजेडात पाहिलं तरी पुष्कळ कळतं. आणि कुणा वनस्पती उद्यानाने रीतसर परवानगीने ती लावायचं ठरवलंच, तर बी दक्षिण सह्याद्रीतलंच घ्यावं, एकट्या रोपाऐवजी आठ-दहा रोपं जवळजवळ लावावीत आणि उन्हाळाभर त्यांना सावली आणि पाणी द्यावं.